कागदावरचे वीबेमामा

ग्रोनिंगन, रविवार

आदरणीय वीबेमामांना हिस्केचा नमस्कार. तब्येत कशी आहे, हे शिष्टाचार म्हणून नव्हे, खरंच विचारते आहे. कारण गेल्या आठवड्यात तीच चौकशी माझ्या वैद्यकीय वर्गातल्या विद्यार्थ्यांनी केली आणि भाची व डॉक्टर असूनही मी त्यांच्यापुढे नापास झाले. मामी, मेंढ्या आणि शिडाची होडी खुशाल असतील. (फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि वाऱ्याच्या दिशेवर घसरता.)

तुमच्या आजारावरून मुलांना शिकवायची परवानगी तुम्ही अटींवर दिली होतीत: नाव बदल, पोट कमी कर, आणि पोस्टमनचा जहाजाचा कप्तान कर. नाव आणि हुद्दा मी लगेच दिला. पोटाशी मात्र माझी सदसद्विवेकबुद्धी अडली. अखेर निम्मं ठेवलं. तर कप्तान डाउवे, वय एकाहत्तर, रक्तदाब तीन गोळ्यांनाही दाद देत नाही, पायांतली ताकद जाऊन धक्क्यावर बसकण मारतो, डॉक्टरांनी होडी बंद केली आहे, असा कागद मी 'कारण शोधा' म्हणून वाटला. माणूस जिवंत वाटावा म्हणून शेवटी तुमच्या सवयी जोडल्या: भांडखोर, अकॉर्डियन वाजवतो, रोज पिशवीभर ज्येष्ठमधाच्या खाऱ्या काळ्या गोळ्या खातो.

अशा वर्गात मास्तरांनी तोंड उघडायचं नसतं. डोकी मुलांनी लढवायची. त्यामुळे तुमची अब्रू जाताना मी कॉफी ढवळत बसले. एक म्हणाला, "म्हातारा चोरून पीत असणार." दुसरी म्हणाली, "बायकोच काहीतरी घालत असेल. रोज अकॉर्डियन ऐकून मीही घातलं असतं." (मामींना हे वाचून दाखवू नका. किंवा दाखवा.) माझ्याकडचं तयार उत्तर असं होतं, की कप्तान औषधं खिडकीबाहेर टाकतो आणि घेतली म्हणून सांगतो.

तेवढ्यात पोर्तुगालहून आलेल्या ग्रासाने विचारलं, "ही पिशवी केवढी असते?"

सगळे हसले. मीही, नियम मोडून. इथल्या प्रत्येकाच्या मामाकडे ती पिशवी असते! एकाने खिशातली गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. तिने ती तोंडात टाकली, रुमालात परत काढली आणि म्हणाली, "हे तुम्ही शिक्षा म्हणून खाता का?" मग तिने शांतपणे सांगितलं, की ज्येष्ठमध फार खाल्लं तर रक्तदाब चढतो, रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि पायातलं बळ जातं.

गोळीचा मालक स्वतःच्या तोंडातली चघळायचा थांबला. मामा, हे मी स्वतः परीक्षेत लिहून पास झाले आहे! पण ज्येष्ठमध म्हणजे पुस्तकातलं, आणि तुमची पिशवी म्हणजे आपल्या घरातली. दोन्हींची गाठ माझ्या डोक्यात कधी पडलीच नाही. तुम्ही औषधं टाकत नव्हता, हे आता मला मानावं लागतं आहे, आणि ते मानताना मला अजिबात मजा येत नाही.

सर्वांना नमस्कार, मेंढ्यांना वेगळा.

तुमची,
हिस्के

ता. क. पिशव्या आजच मामींच्या हवाली करा. (अकॉर्डियनच्या पेटीतलीसुद्धा.) उद्या सकाळीच डॉक्टरांकडे जाऊन पोटॅशियम तपासून घ्या, आणि हे पत्र त्यांना दाखवा, रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. ग्रासाचं खरं निघालं, तर उन्हाळ्यात होडी पुन्हा पाण्यात जाईल. ग्रासाला तीत बसवून फिरवायचं मी तुमच्या वतीने कबूल केलं आहे. ती तुम्हाला कप्तान समजते.

ता. क. २. वाढदिवसाचं माझं पार्सल मागच्याच आठवड्यात, या वर्गाच्या आधी, निघालं आहे. उघडू नका. त्यात ज्येष्ठमधाच्या गोळ्या आहेत, दोन किलो. उघडलंच असेल, तर पाहुणे गोल करून बसले की मामींनी डबा फिरवावा. आपल्याकडे बिस्किटांचा फिरवतात तसाच, माणशी एक, आणि लगेच झाकण. आपल्या घराण्याची कंजुषी एकदा तरी औषधाला उपयोगी पडू दे.