होसकोटेपर्यंत ग्रॅव्हल बाईक

३ नोव्हेंबर, सोमवार
बायकोच्या, भाग्यलक्ष्मीच्या, सायकल ग्रुपचा मेसेज. ७ डिसेंबरला तिच्या आठवणीत राजाजीनगर ते होसकोटे तळं अशी राईड. ती दर महिन्याला जायची, नऊ वर्षं. मी दर वेळी 'पुढच्या वेळी नक्की' म्हणायचो. मार्चमध्ये ती गेली. आता मी जाणार. पूर्ण अंतर, स्वतःच्या पायांनी. ग्रुप चालवणाऱ्या रघुपतींना तसं कळवलं.

४ नोव्हेंबर
घाई नको. आधी सायकल योग्य हवी. जाड टायरची ग्रॅव्हल बाईक म्हणे खडीवरही चालते, डांबरावरही. आपल्या रस्त्यांना ती मानवेल का? सर्व्हे करणे. सराव त्यानंतर.

९ नोव्हेंबर, स. ७.१०
सर्व्हे सुरू. पायी. पाइपसाठी गल्ली खोदली आहे, खडी तीन प्रकारची मिळाली. खड्डे एकवीस. एकात कुत्रा झोपला होता, त्याची खोली घेता आली नाही. नमुने घरी आणून धुतले. लेक अनुषा म्हणाली, "अण्णा, सायकल चालवून बघायची असते. दगड कसले धुताय?" पोरीला पद्धत कळत नाही.

१५ नोव्हेंबर
रघुपतींचा फोन. "सर, सगळा हायवे आहे. कुठलीही सायकल चालते." पण तळ्याजवळचे शेवटचे सातशे मीटर मातीचे आहेत, हे त्यांनीच कबूल केलं. निकाल लागला: ग्रॅव्हल बाईक. आनंदात दोन डोसे जास्त खाल्ले.

१६ नोव्हेंबर
थोरली बहीण, अक्का, आडवी आली. माणूस गेल्यावर वर्ष सरेपर्यंत घरात नवं वाहन आणायचं नसतं. मी म्हटलं, इंजिन नाही ते वाहन कसलं? तिने सरळ गुरुजींना फोन लावून स्पीकरवर टाकला. गुरुजींनी विचारलं, "त्यावर बसता येतं का?" येतं. "मग वाहनच." भाड्याने आणलं तर? म्हणाले, "भाड्याचं म्हणजे दुसऱ्याचं. सरी, ठीक आहे, आणा." मी जिंकलो. अक्का म्हणाली, "उपेंद्रा, शास्त्र सुटलं, आता पोटाचं बघ."

२३ नोव्हेंबर
आज सराव करणार होतो. पण साध्या सायकलवर सराव केला तर अंगाला चुकीची सवय लागेल. भाग्यलक्ष्मीची सायकल बाल्कनीत आहे. तिची सीट माझ्यासाठी वर करावी लागेल. ते नको.

३० नोव्हेंबर
सराव पुढच्या आठवड्यात. मनाने मात्र पूर्ण तयार.

६ डिसेंबर, संध्याकाळ
सायकल आणली! काळी, देखणी, गिअर बारा. दुकानापासून ढकलत आणली, दम उद्यासाठी राखून. अक्काने चाकांखाली लिंबं ठेवली. "दुसऱ्याची असली तरी पडणार आपलाच माणूस."

७ डिसेंबर, स. ५.३०
निघतोय. इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

७ डिसेंबर, दु. ३
गल्लीतली खडी उत्तम पार झाली. मुख्य रस्त्याच्या पहिल्याच चढावर पाय थांबले. ग्रुपला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी रस्त्याचा अभ्यास करत येतो. ते दिसेनासे झाल्यावर रिक्षा केली. सायकल मावेना. ड्रायव्हर "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी", थोडं सांभाळून घ्या, म्हणाला आणि पुढचं चाक काढून माझ्या मांडीवर दिलं. तळ्याच्या अलीकडे उतरून शेवटची माती चालवत जायची, असं ठरवलं होतं.

के. आर. पुरमच्या सिग्नलला रिक्षा थांबली. बाजूच्या टपरीवर अख्खा ग्रुप कॉफी पीत होता.

कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट. रघुपती जवळ आले. म्हणाले, "लाजू नका सर. मॅडमसुद्धा इथून पुढे आमच्या सामानाच्या टेम्पोत बसायच्या. येताना थेट घराच्या कोपऱ्यापर्यंत."

कधीपासून?

"पहिल्यापासून. म्हणायच्या, घरी सांगू नका, ते मला फार मानतात."

मी इतका हसलो की मांडीवरचं चाक रस्त्यावर गेलं. दर महिन्याला घरी आली की ती पाय पुढे करायची. होसकोटेला जाऊन आले, म्हणायची. मी अर्धा अर्धा तास दाबून द्यायचो.

पुढे टेम्पोतून गेलो, तिच्या जागेवर बसून. तळ्यापाशी सायकल खाली उतरवलीच नाही.

परत देताना दुकानदाराने विचारलं, कशी वाटली? सायकल चांगली आहे, म्हटलं. आमच्या घरच्या सायकलिंगला एवढी लागत नाही.