पावडरचा डबा

प्रिय धाकट्या,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. परवा तुला फोन करून सहज केला म्हणालो आणि ठेवून दिला, आठवतं ना? सहज नव्हता रे. सांगायला तोंडच उघडेना. म्हणून हे लिहायला बसलोय. अक्षर वेडंवाकडं आलंय, का ते पुढे कळेलच.

तुझी पुतणी रविवारी डोंगरापलीकडे निघालीय. तिथल्या इस्पितळात नोकरी लागली तिला. सोबत तान्हं पोर, आणि गाडी आपली तीच जुनी. तिनंच दाखवलं, गाडीखाली तेलाचा डाग पडतोय म्हणून. मी नेहमीसारखं बोट लावलं, वास घेतला आणि छातीठोकपणे सांगून टाकलं की वरच्या झाकणाचं पॅकिंग गेलंय. बदललं. सकाळी डाग हजर. मग म्हटलं, खालच्या चेंबरचं असेल. तेही बदललं, तरी डाग आपला वाकुल्या दाखवतोय. तेव्हा तू आठवलास. तू इंजिन स्वच्छ पुसायचास, त्यावर अंगाला लावायची पावडर भुरभुरायचास आणि गाडी चालू करून ती पहिल्यांदा कुठे ओली होते ते बघत बसायचास. मी मात्र गिऱ्हाइकांदेखत तुला मेकअपवाला म्हणायचो. मेलं, काय मिळत होतं मला त्यात!

शेवटी तुझ्या वहिनीचा पावडरचा डबा चोरून नेला. तेल येत होतं टायमिंग बेल्टच्या कव्हरमागून. कव्हर काढलं, तर आतलं ऑइल सील गळतंय आणि पट्टा तेल पिऊन फुगलाय. हा पट्टा चढावर, वळणावर तुटून इंजिन जागीच बंद पडलं असतं, तर काय झालं असतं, ते तुला वेगळं सांगायला नको.

सील बदललं, नवा पट्टा आणला. आणि बाबा रे, पट्टा ज्यांवर चढतो त्या चक्रांवरच्या खुणाच जुळेनात. एका रेघेच्या दोन दिसतात, वर मधेच वाकतात. डॉक्टर म्हणतो डोळ्यांचा आतला पडदा झिजलाय. घरात कुणाला बोललेलो नाही. पट्टा काढण्याआधी तू पांढऱ्या रंगानं खुणा करून ठेवायचास आणि मी त्यांना कुबड्या म्हणायचो. या खेपेलाही जुना पट्टा खूणबीण न करता सरळ कापून टाकला, मोठा उस्ताद ना मी! अंदाजानं नवा चढवला आणि पान्यानं इंजिन हातानं फिरवून पाहिलं, तर मधेच अडलं. पट्ट्याचे दात चुकले होते. उतरवून पुन्हा चढवला, पुन्हा अडलं. त्याऐवजी किल्ली मारली असती, तर सगळे व्हॉल्व्ह वाकले असते. मी तिथेच जमिनीवर फतकल मारून बसलो.

लेकीला सांगितलं, पट्टा अजून दुकानात आलेला नाही. तो माझ्या पिशवीत चिंध्यांखाली दडवलाय. ती चहा घेऊन आली आणि म्हणाली, उशीर झाला तरी चालेल, पण पट्टा तुम्हीच लावायचा, दुसऱ्याच्या हातावर माझा भरवसा नाही. मान खाली घालून चहा प्यायलो. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

आता खरं सांगतो. आधी ठरवलं होतं, ती सामान आणायला बाहेर गेली की तुला गुपचूप बोलवायचं, तू पट्टा लावून जायचं आणि नाव माझं व्हायचं. हे लिहितानाही कान गरम होतायत. तसं नको. शनिवारी ती घरात असतानाच ये. तुझा रंग आणि ब्रश घेऊन ये. पट्टा तू लाव, तिच्यासमोर. माझ्या डोळ्यांचं मी तिला तिथेच सांगेन. तू काम शिकत होतास तेव्हा हात भरून येईपर्यंत तुला दिवा धरायला लावायचो आणि जरा हलला की खेकसायचो. शनिवारी दिवा मी धरीन. हलला, तर तूही खेकस.

तुझाच,
दादा