सात दहाची बस

तात्या, आज रविवारी दुपारी कंपनीतल्या माझ्या केबिनमध्ये बसून दोन पत्रं लिहितोय. एक एसटीच्या आगारप्रमुखांना, एक तुम्हाला. तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. शेळगावच्या ज्या दूध संकलन केंद्रात मी तुमच्या हाताखाली दुधाची फॅट मोजायला शिकलो, तिथं आता मशीन फॅट काढतं आणि पावती आपोआप बाहेर येते. तुमच्या हाताखालचा तो बारावी नापास गडी बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीचा कारखाना सांभाळतो. कॉलेजची पायरी चढलो नाही, हे मी लपवत नाही. उलट जरा जास्तच सांगत फिरतो. इथले कारखाने आणि आसपासची गावं मिळून एक नागरी समिती आहे, रस्ते, दिवे, पाणी असल्या कामांसाठी. तिचा अध्यक्ष मीच. माझा अर्ज कुठल्याही कार्यालयातून त्रुटी काढून परत आलेला नाही.

आमच्या पॅकिंगमधली एक बाई नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून येत होती, उसाची ट्रॉली चुकवताना पडली. पाय मोडला. तेव्हापासून पणदऱ्याहून बायकांसाठी बस हवी म्हणून मी मागे लागलो. शिफ्ट आठची. अंतर मी स्वतः गाडीनं मोजलं, आठवडाभर रोज वेळ लिहून काढली, ट्रॉल्यांचा खोळंबा धरला, आणि सात दहा ही वेळ काढली. गावात बैठक घेतली. सरपंच, दूध संस्थेचे चेअरमन, चार जाणती माणसं, सगळ्यांनी माना डोलावल्या. बस सुरू झाली तेव्हा मी नारळ फोडला. दोन महिन्यांत आगाराचं पत्र आलं: प्रवासी नाहीत, महिनाअखेर फेरी बंद. मला बायकांचाच राग आला. एवढं करून दिलं, तरी यांना मोटारसायकलच गोड!

परवा सकाळी सातच्या आधी पणदऱ्याच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. बस वेळेवर आली. एक म्हातारा आणि कॉलेजच्या दोन मुली चढल्या, बस गेली. आणि मग मला रस्त्यापलीकडचं दूध संकलन केंद्र दिसलं. म्हणजे ते आधीही तिथंच होतं. रांगेत बायका, हातात किटल्या, आणि त्यातल्या सात-आठ जणींच्या साडीवर आमच्या कंपनीचा निळा कोट.

"सायेब, बस गेली की वो!" एक जण ओरडली. "आता तुमाला कोण सोडायचं?" रांग हसली.

मी पलीकडं गेलो. विचारलं, बसनं का जात नाही?

"सात धाला बस. आन् दूध घालायचं कवा?" पॅकिंगमधली सगळ्यात जुनी बाई म्हणाली. "म्हशीला सांगू व्हय, सायबांची बस आलीया, पान्हा लवकर सोड म्हणून?"

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"इचारलंत कवा? तुमी इचारलं चेअरमनला. त्येंच्या घरची धार बी त्येंची बायकूच काढती. ती बगा, रांगंत तिसरी."

तिसरीनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती. तात्या, दुधावर माझी तीस वर्षं गेली. सकाळचं दूध किती वाजता गोळा होतं हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. ते काढतं कोण, आणि तीच बाई आठला माझ्या गेटवर उभी असते, हे मात्र एकाच कागदावर मी कधी मांडलं नव्हतं.

परतताना मला तुमच्या केंद्रातली ती सकाळ आठवली. कॅन बराच वेळ उभा राहिलेला आहे, मी नमुना घेतलाय, फॅट भलतीच चढी लागलीय आणि दूधवाला खूश आहे. तुम्ही मागून येता. "सासऱ्याची म्हस हाय का रं ही? सायीला काय इचारतोस? खालच्या दुधाला इचार. ढवळलं हुतंस का?" मी म्हणतो, ढवळलं होतं, तात्या. तुम्ही माझ्याकडं बघता. मग दांडी हातात घेऊन स्वतः तळापासून ढवळता, नमुना पुन्हा घेता, फॅट उतरते. "मग दांडीच आखूड पडत आसंल," एवढंच म्हणता. पुढच्या सोमवारी तुम्ही वेल्डिंगवाल्याकडून वीतभर लांब दांडी करून आणली. माझ्यासाठी. ती अजून या केबिनच्या कोपऱ्यात उभी आहे. आल्यागेल्याला मी ती अभिमानानं दाखवतो, आणि गोष्ट अर्धीच सांगतो.

आगारप्रमुखांच्या पत्रात आधी लिहिलं होतं: 'स्थानिक प्रतिनिधींकडून मिळालेली माहिती अपुरी होती.' वाक्य बरं होतं, कुणालाच लागलं नसतं. ते खोडलं. लिहिलं: 'वेळ मी ठरवली. ज्यांना प्रवास करायचा त्या बायकांना मी विचारलं नव्हतं. फेरी सात पस्तीसची करून आणखी दोन महिने द्यावेत. आमच्या कारखान्याची शिफ्ट सव्वाआठला सुरू होईल.' उद्याच्या समितीच्या बैठकीत हेच वाचून दाखवायचं आहे, चेअरमनही असतील. बस राहील की नाही, सांगता येत नाही. ते पत्र उद्या जाईल. हे कुठं जाणार, इथंच ड्रॉवरमध्ये राहील.

तात्या, दांडी आखूड नव्हती.