मिथेनॉल दर सोमवारी

४ मार्च, सोमवार

एक्याण्णव! दोन वर्षं ब्याऐंशीवर अडलेलं घोडं आज हललं. भट्टी साठ अंश जास्त तापवली, वायू मात्र नळीतून झटकन पुढे काढला. शंभरातले एक्याण्णव भाग मोनोमर – ज्याचं पुढे ॲसिडलाही दाद न देणारं प्लास्टिक बनतं, तो. आमच्या प्लांटच्या मुख्याचं नाव आम्ही 'झाकण' ठेवलंय, कुठलीच भानगड तो वर येऊ देत नाही म्हणून. तोसुद्धा खुर्चीतून उठला. म्हणाला, उद्यापासून मोठ्या भट्टीवर घ्या.

एक मेख आहे. जास्त उष्णतेने सोबतचा विषारी वायूही वाढतो. तो पुढच्या टाकीतल्या मिथेनॉलमध्ये मरतो, पण आता चौपट येणार. म्हणजे मिथेनॉल आठवड्याने नाही, रोज बदलायचं. वहीत हिशेब केलाय.

ऑपरेटरसाठी पत्रक संध्याकाळी केलं. जुनंच घेतलं, वरच्या दोन ओळी बदलल्या, सही ठोकली. झाकण दारात उभा राहून घड्याळ बघत होता. अशाने माझं डोकंच फिरतं.

५ मार्च

मोठी भट्टी सुरू. तिथले ऑपरेटर म्हणजे आमचे भाऊजी, ताईचे यजमान. पत्रकाच्या एकेका ओळीवर बोट ठेवून वाचतात, वाचून झाली की पुढे पेन्सिलीने टिंब. बाकीचे हसतात त्यांना. मला म्हणाले, "काय विदुषीबाई, साठ अंश? आम्हालाच भाजून काढायचा बेत दिसतोय."

७ मार्च

तीन दिवस सलग नव्वदच्या वर. झाकण चक्क हसला.

८ मार्च, शुक्रवार



सकाळी भाऊजींनी मिथेनॉलच्या टाकीपुढची जाळी साफ करायला नळी उघडली. तिथे विष पोचतच नाही, म्हणून मास्क लागत नाही – नियमच तसा आहे. घसा खवखवला, दोनदा खोकले, पाणी प्यायले. डबा खाल्ला आणि पाळी संपल्यावर घरी गेले. मला चार वाजता कळलं, तेही फिटरकडून, बोलता बोलता. "तुमच्या भाऊजींना सकाळी ठसका लागला होता जरा."

या वायूची रीतच ही – आधी काहीच होत नाही, सहा-आठ तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. फोन लावला. भाऊजीच बोलले. "अगं, ठणठणीत आहे मी. टीव्ही बघतोय." म्हटलं, असाल तसे उठा आणि हॉस्पिटलमध्ये चला. "तुझं आपलं काहीतरीच."

हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत त्यांचे ओठ निळे पडले होते.

९ मार्च

श्वासाच्या यंत्रावर आहेत. डॉक्टर म्हणाले, याला उतारा नाही, वाट बघायची. ताईने माझा हात धरला. "तू एवढी शिकलीस, तुला तरी औषध ठाऊक असेल ना गं?"

नाही ठाऊक.

तिथून थेट कारखान्यात गेले. पत्रक काढलं. ओळ चौदा : मिथेनॉल दर सोमवारी बदलणे. जुनीच ओळ. बदललीच नाही मी. खाली माझी सही, आणि प्रत्येक ओळीपुढे भाऊजींचं टिंब, चौदापुढेही. सोमवारी बदललं होतं त्यांनी मिथेनॉल, पुढचं येत्या सोमवारी बदलणार होते, सांगितल्याप्रमाणे. शुक्रवारपर्यंत त्यात काही दम उरला नव्हता. टाकीतून विष तसंच पुढे आलं.

हे मी केलं. दुसऱ्या कुणीही नाही.

११ मार्च, सोमवार

झाकणाला सगळं सांगितलं. त्याने आधी दार लावलं.

"आणखी कुणाला बोललात?"

"नाही."

"मग बोलू नका. तुम्ही गेलात की भट्टी कायमची बंद, भट्टी बंद की सत्तर माणसं घरी."

मी मान डोलावली. सत्तर माणसांसाठी नाही, उगाच मोठेपणा कशाला! भ्यायले म्हणून.

१२ मार्च

त्याने नवं पत्रक आणलं. ओळ चौदा : मिथेनॉल रोज बदलणे. तारीख चार मार्चची. भाऊजींसारखी पेन्सिलीची टिंबंही उमटवलेली, फक्त चौदापुढे नाही. हे कोणी बसून केलं असेल? एकेक टिंब? पहिलं पत्रक कुठे गेलं, मी विचारलं नाही.

सही केली.

१४ मार्च

चौकशी अर्ध्या तासात उरकली. "सही तुमचीच?" हो म्हटलं. तेवढं तरी खरं होतं. निकाल : ऑपरेटरने सूचना वाचली नाही.

१९ मार्च

निकाल घरी पोचला. ताई रडली नाही, चिडली. "जन्मभर ओळीवर बोट ठेवून वाचलं, आणि नेमकी त्याच दिवशी अक्कल गहाण टाकली यांनी. तुझ्या कामालाही बट्टा लावला गं." सासरचेही तेच बोलतात म्हणे.

तिथेच सांगणार होते. तोंड उघडलं, आणि "चहा टाकू का?" एवढंच बाहेर आलं. स्वतःची किळस येते.

२० मार्च

भट्टी पुन्हा सुरू. मिथेनॉल रोज बदलतात. ब्याण्णव.

२६ मार्च

भाऊजींची श्वासाची नळी काढली. वाचले. फुप्फुसं मात्र निम्मीच कामाची राहिली, जिना चढता येणार नाही, भट्टी तर सोडाच. ताई माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. ते त्यांच्यासाठी की सुटले म्हणून, मलाच सांगता येत नाही.

२८ मार्च, गुरुवार

सकाळी झाकण हॉस्पिटलमध्ये येऊन भाऊजींना नवं पत्रक दाखवून गेला. मी गेले तेव्हा भाऊजींनी खुणेने जवळ बोलावलं. शब्दाशब्दाला धाप. "चौदावी ओळ... कशी सुटली गं माझ्याकडून... तुझं नाव घालवलं. माफ कर."

मी म्हटलं, "असू द्या, भाऊजी."