अकरा घरं, एक खुर्ची

१२ फेब्रुवारी २००३

खांदा दुखतोय. खुर्चीमुळे!

आज वस्तीत दारिद्र्यरेषेची मोजणी झाली. मोजणीवाला बगलेत फायलींचा गठ्ठा घेऊन सकाळीच हजर. वस्तीत घरं अकरा आणि बसायला धड अशी खुर्ची एकच – आमची, लोखंडी, घडीची. तो एका घरातून उठला की मी मागच्या दाराने खुर्ची उचलायची, कुडामागून पळायचं, पुढच्या घरात मांडायची, वर त्या घरचा टॉवेल टाकायचा आणि तो आत येईपर्यंत श्वास धरून कोपऱ्यात उभं राहायचं. अकरा घरं अशी! आमच्याकडे कुणीही येवो – मुलगी बघायला पाहुणे, टोचायला नर्स, भन्तेजी – खुर्ची आधी जाते, माणूस मागून. भिमीआत्याकडे टॉवेलच नव्हता, तिचं लुगडं घडी करून टाकलं. तिच्या घरात मडकी चार, माणूस एक.

त्याने पाणी मागून घेतलं, प्यायला. बरा वाटला.

आई खूश. "कोनाच्या दारात उभा नाय रायला मानूस," म्हणाली.

१५ फेब्रुवारी

मागची भिंत आणखी वीतभर कलली. शेजारच्या सतीशदादाने लाकडाचा टेकू दिलाय, पण टेकू किती दिवस पुरणार? यादीत नाव आलं की घरकुल. पक्क्या विटांचं! आईने आखणीसुद्धा केली – चूल इथे, पाण्याचा माठ तिथे, खिडकी पूर्वेला. एवढ्या वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली वस्तू असेल. खिडकी.

२० फेब्रुवारी

उद्या अर्थशास्त्राची चाचणी. विकसनशील देशांची वैशिष्ट्ये घोकतेय. दरडोई उत्पन्न म्हणजे सगळ्यांचं एकत्र करायचं आणि डोक्यांनी भागायचं. आता आमच्या पंचायतीच्या हद्दीत मुंबईच्या एका शेटचं फार्महाउस झालंय. पोहायला निळा हौद, कुत्र्याला वेगळी खोली. त्याचं आणि आमचं मिळवून भागलं तर भिमीआत्यासुद्धा बागायतदारीण निघेल! कॉलेजात मॅडमना हे सांगितलं. हसल्या. "परीक्षेत असलं काही लिहू नकोस हं, पल्लवी."

लिहिणार!

२ एप्रिल

यादी लागली. वस्तीतलं एकही नाव नाही. एकही नाही!!

मी तीनदा वरून खाली वाचली. सतीशदादा ग्रामसेवकाच्या मागे लागून मोजणीचे तक्ते बघून आला. घरातल्या टिकाऊ वस्तूंच्या रकान्यात प्रत्येक घरापुढे लिहिलंय – खुर्ची, १. खुर्ची, १. खुर्ची, १. अकरा वेळा! वस्तूमागे मार्क धरतात, तेवढ्या एका मार्काने अख्खी वस्ती रेषेच्या वर गेली.

आम्ही त्याला मान दिला, त्याने तो आमच्या मालमत्तेत धरला.

३ एप्रिल

काल रात्री हसूच आवरत नव्हतं. आज भिमीआत्या दारात आली, पदराने तोंड पुसत विचारते – "पल्लवे, मी श्रीमंत झाली का गो?"

थट्टा करत नव्हती ती. तिला खरंच कळत नव्हतं. मग माझं हसू गेलं.

१४ एप्रिल

जयंती. खुर्चीवर बाबासाहेबांची तसबीर, हार. आजच्या दिवशी खुर्चीवर दुसरं कुणी बसत नाही.

अर्ज आजच लिहिला. तसबिरीसमोर बसून, पोराटोरांच्या गोंगाटात. 'अकरा घरांत मिळून खुर्ची एक आहे. ती पाहुण्यासोबत फिरते. तरी फेरमोजणी व्हावी.' अकरा सह्या – त्यातले सात अंगठे.

२१ एप्रिल

आज जे केलं ते आयुष्यभर विसरणार नाही.

अर्जासोबत खुर्चीच घेऊन गेले! शेणव्याच्या थांब्यावरून एसटीत. कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं वर. तालुक्याच्या पंचायत समितीच्या ऑफिसात मोजणीच्या साहेबांच्या टेबलासमोर माणसं रांगेने भिंतीला टेकून उभी, बसायला बाकसुद्धा नाही. मी खुर्ची उघडली – खाड्! – आणि बसले. साहेबांनी मान वर केली.

"ए, ही खुर्ची कुठून आणलीस?"

म्हटलं, "साहेब, आमच्या वस्तीत तुमच्या कागदाप्रमाणे अकरा खुर्च्या आहेत. ही त्यातली एक. बाकीच्या दहा शोधून द्या, घेऊन जाते."

रांगेतला एक म्हातारा ठसका लागेपर्यंत हसला. साहेब आधी तापले, मग अर्ज वाचला, मग पुन्हा वाचला. म्हणाले, मे महिन्यात स्वतः येतो. इथे लिहायला हरकत नाही – भीती वाटली होती. पण बसले!

२८ एप्रिल

अर्थशास्त्राचा पेपर. 'दरडोई उत्पन्न या मापाच्या मर्यादा सांगा.' आयताच प्रश्न! भिमीआत्या आणि निळा हौद, दोन्ही लिहून आले.

४ मे

वस्तीची बैठक झाली आणि मी आईशी भांडले.

सतीशदादाचं म्हणणं – "ह्या टायमाला खुर्ची गोठ्यात, गवताखाली. साहेबाला भुईवर बसवायचा. चटई पन नाय टाकायची." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. आई मात्र म्हणाली, "खुर्ची लपनार नाय."

ती खुर्ची अण्णांची. माझे अण्णा, सदानंद. जाऊन सहा वर्षं झाली. पंधरा वर्षांचे होते तेव्हा एका दाखल्यासाठी कुणाच्या तरी ओटीसमोर सकाळपासून दिवस कलेपर्यंत उन्हात उभे राहिले. ओटीवर जागा होती, पण कुणी बस म्हटलं नाही. पुढे दगडाच्या खदानीवर कामाला लागले. पहिल्या मजुरीतून लोक कापड घेतात, भांडं घेतात. यांनी कल्याणहून खुर्ची आणली! पाठीमागे पांढऱ्या रंगाने नाव काढलं – सदानंद, १९७२. म्हणायचे, आपल्या वस्तीत आलेला माणूस उभा राहायचा नाही, मग तो कुणी का असेना.

हे सगळं मला तोंडपाठ आहे. तरी ओरडले. "घरकुल नको का तुला? खिडकी नको?"

"खिडकी पायजे. पन खुर्ची गवतात घालून नको."

आणि गंमत अशी की आई स्वतः त्या खुर्चीवर एकदाही बसलेली नाही. विचारलं की म्हणते, "मी काय पाव्हनी हाय?"

५ मे

अबोला.

६ मे

अबोला मोडला. मीच मोडला. रात्रभर विचार केला – लपवली तर आम्ही खोटे ठरतो. पण खोटं तर त्यांच्या कागदात आहे! खुर्ची लपवायची नाही. उलट दाखवायची.

१३ मे

साहेब आले. बोलल्याप्रमाणे आले, हे खरं.

मी खुर्ची डोक्यावर घेऊन त्यांच्या पुढे चालले. वस्तीच्या मधोमध, सगळ्यांदेखत. टॉवेल नाही, लुगडं नाही. नाव उघडं! प्रत्येक घरात मांडली, बसा म्हटलं, उठले की उचलली. तिसऱ्या घरी साहेबांना हसू फुटलं. भिमीआत्याकडे म्हणाले, "राहू दे, मी उभाच बरा." तर आत्या कडाडली – "बसा! बसलंच पायजे!" बसले बिचारे.

शेवटी आमचं घर. पेन काढून विचारतात, "आता हे सांगा, ही खुर्ची नक्की कुणाची?"

सतीशदादा पटकन पुढे झाला. "विहाराची हाय साहेब. सार्वजनिक." सगळे हो हो म्हणाले. साहेबांनी पेन टेकवलंसुद्धा – त्यांनाही तेच लिहायचं होतं, मला दिसत होतं. माणूस वाईट नाही.

आणि आई म्हणाली, "नाय. माज्या मालकाची हाय. नाव हाय मागं."

त्या क्षणी मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं. या वहीत खोटं लिहून काय उपयोग? तिला ठाऊक होतं. त्या एका मार्काचं मीच तिला दहादा समजावलं होतं.

साहेबांनी वाकून खुर्चीमागचं नाव वाचलं. मग लिहिलं.

२४ जून

निकाल. पास! पण अर्थशास्त्रात बेचाळीस. मॅडम सांगत होत्या ते बरोबर होतं. तरी पुन्हा तेच लिहीन.

१९ जुलै

मागची, पूर्वेची भिंत गेली. आई चुलीपाशी होती, वाचली. प्लास्टिक बांधलंय.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. भाषणात सांगितलं, वीस वर्षांत आपला देश विकसित देशांच्या यादीत बसणार. तिथेच पंचायतीच्या भिंतीवर आमची नवी यादी डकवली होती. जगातही अशीच यादी करतात – श्रीमंत देश, मधले देश, गरीब देश. दूर कुठेतरी बसून. कोण मोजायला आलं होतं? आपण बसायला काय दिलं होतं त्याला?

दहा नावं आहेत. भिमीआत्याचं सर्वांत वर! तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "म्हंजे आता मी परत गरीब ना?" आणि नाचायचीच बाकी राहिली. सतीशदादाला घरकुल मिळेल. आमचं नाव नाही. आमच्यापुढे खुर्ची, १.

आईला सांगताना मला रडू आलं. ती मात्र प्लास्टिकची सुटलेली दोरी आवळत राहिली. हरकतीचा अर्ज उद्याच लिहायला घेणार.

१६ ऑगस्ट

सकाळी उठले तर आईने पूर्वेचं प्लास्टिक सोडून गुंडाळून ठेवलेलं. भिंत नव्हती त्या जागेतून ऊन थेट चुलीपर्यंत. आणि आई अण्णांच्या खुर्चीवर बसलेली! पाठ टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, तोंड उजेडाकडे. मी बघतच राहिले.

"बघतेस काय गो? सरकारनं लिवलंय ना, माजी हाय? मंग बसते. जा, च्या आन."