एका शिंगाचा बैल

सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

आजही ताटात चटणी नाही! चौथा दिवस. मीठ नाही, लिंबू नाही. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात सत्यशीलेनं असं ताट कधी वाढलं नव्हतं. विचारलं तर आतूनच म्हणते, "वाढली की! रोज ताटात टाकून उठता, अन् वरून मलाच पुसता?"

वाढली म्हणते! खोटं बोलणाऱ्यातली नाही ती. म्हणजे खरंच विसरते.

मंगळवार, १२ ऑगस्ट

वाचनालयात कार्यशाळा सुरू. मेंदूचं शास्त्र शिकणारी दोन पोरं शहरातून अंबडला येतात — आकांक्षा आणि सोमेश्वर. हाताला काम मिळालं की म्हाताऱ्यांचं डोकं कसं चालतं, ते टिपून घेतात. काम देणारा मी! तेहतीस वर्षं चित्रकला शिकवली. रिटायर झाल्यावर पुन्हा कुणी "सर" म्हणतंय. पोळा तोंडावर, म्हणून मातीचे बैल घेतले.

सोमेश्वरनं प्लास्टिकचा मेंदू दाखवला. अक्रोड नुसता! एवढ्याशा गोळ्यात चौथीच्या सगळ्या कविता मावतात? शाळेतला तो बाक, ती पावसाळी दुपार, तासावर एका सुरात म्हणणारी पन्नास पोरं — हेही त्यातच?

गुरुवार, १४ ऑगस्ट

सत्यशीलेला सोबत नेलं. कशासाठी, ते सांगितलं नाही. आकांक्षा म्हणाली, "आजी, शाळेतली एखादी कविता म्हणा ना."

हिनं सगळी कडवी म्हटली! एका दमात! तिसऱ्या कडव्यात मी अडखळलो, तर मलाच सावरून घेतलं.

मी थक्क. कविता ध्यानात, अन् चटणी नाही?

आकांक्षाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. म्हणाली, "आजी तर एकदम बराबर वाटतात, सर." शिकाऊ पोर. तिला काय कळणार!

शनिवार, १६ ऑगस्ट

मुलाला, कल्याणला, फोन केला. पोरगा घाबरला — पोळ्याला येतो, आईला पुण्याच्या डॉक्टरकडे नेतो म्हणाला. हिनं ऐकलं. "मला येडी ठरवून राह्यले का तुम्ही?" तेव्हापासून बोलत नाही.

बुधवार, २० ऑगस्ट

कार्यशाळेत आज भलतंच झालं.

पाटावर नमुन्याचा बैल केला. वशिंड, शिंगं, कान, झूल — झकास! तोच समोर बैल करत बसलेली चांगुणाबाई हसली, "गुरुजी, एक शिंग कुठं गेलं? झुंजीत मोडलं का काय?" सगळे हसले. मी चिडलो — दोन्ही आहेत, चष्मा लावा!

आकांक्षा हसली नाही. तिनं पाट धरून हळूच अर्धा फिरवला.

शिंग नाही. कान नाही. डोळा नाही. नुसती सपाट माती!

"कुणी खोडलं?" मी ओरडलो.

"कुणी हात लावला नाही, सर. ती तुमची डावी बाजू होती." मग हळूच विचारलं, "चालताना डाव्या हाताला दाराची चौकट लागते का?"

डावा दंड महिनाभर काळानिळा आहे. दार अरुंद झालंय, असंच मी समजत होतो.

"आम्ही डॉक्टर नाही, सर. पण डोक्याची तपासणी जल्दी करा. थांबू नका."

पुढचं काही ऐकलं नाही. तडक घरी आलो.

गुरुवार, २१ ऑगस्ट

सकाळी जेवायला बसलो. ताटात चटणी नाही. ताट धरलं आणि अर्धं फिरवलं.

मीठ. लिंबाची फोड. शेंगदाण्याची चटणी.

उद्या कल्याण येतो. पुण्यासाठी भरलेल्या पिशवीतली हिची लुगडी काढून ठेवली, माझे सदरे भरले.