कडुनिंबापुढे उभी राहिले

रविवार, संध्याकाळ

मनगट ठणकतंय, तरी लिहिते. गाड्या लावायला जागा हवी म्हणून माझ्या भावाने, दानियलने, सकाळी चर्चच्या कडुनिंबावर कुऱ्हाड घातली. शेजारचे युसुफभाई आडवे आले, तर कुऱ्हाडीच्या दांड्याने त्यांचं डोकं फोडलं. आणि लगेच प्रभुभोजनाला पुढच्या बाकावर! प्रवचन काय, तर सृष्टी देवाची, शांती राखा.

द्राक्षरसाचा प्याला सगळ्यांपुढे फिरवायची पाळी माझी. त्याच्यापाशी थांबले. "आधी युसुफभाईंची माफी माग. मग प्याला."

"ताई, लोकांसमोर तमाशा करून राह्यली का?" तो उठून गेला. बाहेर पुन्हा कुऱ्हाडीचे घाव. मी धावले, युसुफभाईंच्याच जागी उभी राहिले. दांडा मनगटावर बसला. सख्ख्या भावाचा!

मग तो कुऱ्हाड घेऊन निघून गेला. आज कडुनिंब वाचला. उद्या दानियल परत आला तर? आज माझ्यामागे कोणीच उठलं नाही. आत गीत शेवटच्या कडव्यापर्यंत चाललं.